गाण्याचें मोल

१८४७ सालची गोष्ट. पॅरिसमधील एका संगीत-उपाहारगृहांत एर्नेस्त बुर्जे हा गीतकार आपल्या संगीतकार स्नेह्यांसह बसला होता. तोंच वाद्यवृंदानें त्यांच्याच रचना वाजविण्यास आरंभ केला. श्रोते खूष, मालक त्याहून खूष! परंतु साखरपाण्याच्या पेल्याचे पैसे मागतांच बुर्जेनें ते देण्याचें साफ नाकारलें. आपलें गाणें यांना फुकट, तर यांचें पाणीही आपणांस फुकट, असा त्याचा सरळ हिशेब होता. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि निकाल बुर्जेच्या बाजूनें लागला. एकट्या गीतकारानें गांवोगांवच्या उपाहारगृहांच्या दारांत उभें राहून वसुली कशी करावी? म्हणून १८५१ सालीं ‘सासेम’ ही संस्था निघाली. सर्वांच्या वतीनें तिनें मोबदला गोळा करावा व ज्याचा त्याला वांटून द्यावा, अशी ही व्यवस्था. ती संस्था आजही चालू आहे.

पुढें यंत्रें आलीं. छिद्रें पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर आपोआप वाजणारा पियानो अमेरिकेंत घरोघर गेला. ही गुंडाळी मनुष्यास डोळ्यांनीं वाचतां येत नाहीं, सबब ती गीताची प्रत नव्हे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९०८ सालीं दिला. दुसऱ्याच वर्षीं कायदा करून दर प्रतीमागें दोन सेंट ठरवावे लागले. यंत्र पुढें धांवतें आणि कायदा मागून लंगडत येतो, तो असा.

आपल्या देशांत १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. परंतु त्यानंतर पाऊणशें वर्षें उलटलीं तरी गायकाचा हक्क कायद्यास ठाऊक नव्हता. १९५७ च्या कायद्यानें कवीस व संगीतकारास हक्क दिला, गायकास नाहीं. गायकासही स्वामित्वधन मिळावें, असा आग्रह लता मंगेशकर यांनीं धरला. ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळाले कीं गायकाचें काम संपलें, असें महंमद रफी यांचें मत होतें. या मतभेदापायीं उभयतांनीं कांहीं वर्षें एकत्र गाणेंही सोडलें होतें. दोघेही प्रामाणिक होते. मौन होतें तें कायद्याचें.

१९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, निराळा करार नसेल तर निर्मात्यानें मोल देऊन करवून घेतलेल्या चित्रपटगीताचा पहिला धनी निर्माताच. मात्र न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं स्वतंत्र टिपण जोडून, गायक हक्कावांचून राहिला याबद्दल खंत व्यक्त केली. गायकास कलावंत म्हणून हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीनें. कवि जावेद अख्तर यांनीं ज्यासाठीं राज्यसभेंत जोराची बाजू मांडली, ती दुरुस्ती २०१२ सालीं झाली. कवि व संगीतकार यांचा स्वामित्वधनांतील समान वांटा आतां करारानेंही काढून घेतां येत नाहीं. गरजू मनुष्य कोणत्याही कागदावर सही करतो, हें ओळखूनच हें कुंपण घातलें गेलें.

आज तबकडीही गेली. महिन्याची वर्गणी भरावी आणि वाटेल तें गाणें तारेवाटे ऐकावें, याला ‘स्ट्रीमिंग’ म्हणतात. बहुतेक ठिकाणीं सर्वांची वर्गणी एका रांजणांत पडते. त्यांतून कंपनीचा हिस्सा काढून बाकीची रक्कम एकंदर ऐकण्याच्या प्रमाणांत वांटली जाते. एखादा गृहस्थ महिनाभर केवळ एकाच कीर्तनकाराचे अभंग ऐको. त्याच्या वर्गणीचा मोठा भाग त्यानें कधींही न ऐकलेल्या गाण्यांकडे जातो. ‘स्पॉटिफाय’नें तर २०२४ पासून, वर्षांत हजार वेळांहून कमी ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणास या वांटणींतून वगळलें. ज्याची वर्गणी, त्यानें ऐकलेल्यांनाच ती मिळावी, अशी दुसरी रीत सुचविली गेली आहे. तीमुळें रांजण मोठा होणार नाहीं हें खरें; पण पाणी कोणाच्या ओंजळींत पडतें, तें तरी दिसेल.

बुर्जेला समोर मालक दिसत होता व पेलाही दिसत होता. म्हणून तो भांडूं शकला. आजच्या गीतकारास दोन्ही दिसत नाहींत. हिशेबाची वही उघडी ठेवणें, हीच म्हणून न्यायाची पहिली पायरी होय.