माउलब्रोन

माउलब्रोन हे जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातील एक लहान शहर आहे. येथील सिस्टर्शियन पंथाच्या मध्ययुगीन मठामुळे ते प्रसिद्ध आहे. आल्प्स पर्वताच्या उत्तरेकडील सर्वांत सुस्थितीत टिकलेल्या मठसंकुलांमध्ये याची गणना होते. 1993 मध्ये युनेस्कोने या संकुलाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. शहर मठाभोवती वाढले आणि त्याला शहराचा दर्जा बऱ्याच उशिरा, 1886 मध्ये मिळाला.

स्थापना आणि नाव

वॉल्टर फॉन लोमर्सहाइम या सरदाराने 1138 मध्ये एकेनवायर येथे मठासाठी जमीन दिली. मात्र ती जागा गैरसोयीची ठरली. त्यामुळे श्पायरचे बिशप ग्युंटर यांच्या साहाय्याने 1147 मध्ये मठ आजच्या ठिकाणी हलवण्यात आला. पाणी पिण्यासाठी एक खेचर जेथे थांबले तेथे भिक्षूंनी मठ बांधला, अशी आख्यायिका आहे. कारंजागृहातील एका चित्रातही हे खेचर दिसते. तथापि, नावाचा संबंध खेचराऐवजी गिरणीशी असावा, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे.

वास्तू आणि जलव्यवस्था

मठाच्या चर्चचे अभिषेकविधी 1178 मध्ये झाले. चर्चच्या आत एक दगडी भिंत आहे. तिच्या एका बाजूला प्रार्थनेला वाहिलेले भिक्षू, तर दुसऱ्या बाजूला शेती व कारागिरी करणारे सहबंधू बसत. दोघांची भोजनगृहेही वेगळी होती. एकाच मठात राहूनही हे दोन वर्ग किती अलग होते, ते या रचनेवरून सहज लक्षात येते. तेराव्या शतकाच्या आरंभी चर्चच्या दर्शनी भागात ‘पॅराडाइज’ नावाची ओसरी बांधली गेली. रोमनेस्क शैलीकडून गॉथिक शैलीकडे झालेले स्थित्यंतर तिच्यात दिसते. जर्मन भूमीवरील आरंभीच्या गॉथिक कामांमध्ये तिला महत्त्वाचे स्थान आहे. चर्चमधील 1473 सालचे क्रूसावरील ख्रिस्ताचे शिल्प क्रूसासह एकाच दगडातून कोरलेले आहे.

तितकीच उल्लेखनीय आहे ती पाण्याची व्यवस्था. भिक्षूंनी दलदलीच्या खोऱ्यात चर खणून आणि बांध घालून तलावांची मालिका उभारली. त्यातून मत्स्यपालन, गिरण्या व सांडपाण्याचा निचरा या तिन्ही गरजा भागत. मांसाहार वर्ज्य मानणाऱ्या पंथासाठी मासे हा आहाराचा मुख्य भाग होता. ही जलव्यवस्थाही जागतिक वारशाचा भाग आहे. तलावांपैकी ‘टीफर झे’ आज पोहण्यासाठी वापरला जातो.

मठाची शाळा

1504 मध्ये व्युर्टेंबर्गच्या ड्यूक उलरिश याने माउलब्रोन जिंकून घेतले. 1525 च्या शेतकरी उठावात बंडखोरांनी मठाचा ताबा घेतला होता. धर्मसुधारणेनंतर व्युर्टेंबर्ग प्रोटेस्टंट झाले आणि 1556 मध्ये ड्यूक क्रिस्टोफ याने येथे प्रोटेस्टंट शाळा सुरू केली. अन्यत्र अनेक मठ उद्ध्वस्त झाले किंवा त्यांचे दगड इतर बांधकामांसाठी नेले गेले. येथील इमारती मात्र वर्गांसाठी व वसतिगृहासाठी वापरात राहिल्या. माउलब्रोनचे संकुल टिकले त्याचे मोठे श्रेय या शाळेकडे जाते.

भावी धर्मोपदेशक घडवणे हा शाळेचा हेतू होता. ‘लांडएक्झामेन’ ही कठीण राज्यपरीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना विनाशुल्क शिक्षण मिळे. ग्रहगतीचे नियम मांडणारे योहानेस केप्लर येथे 1586 ते 1589 या काळात शिकले. कवी फ्रीडरिश ह्योल्डरलिन 1786 ते 1788 दरम्यान येथे होते.

हेर्मान हेसे यांचा अनुभव वेगळा होता. सप्टेंबर 1891 मध्ये, चौदा वर्षांचे असताना ते दाखल झाले. मार्च 1892 मध्ये ते शाळेतून पळून गेले, कडाक्याच्या थंडीत एक रात्र त्यांनी उघड्यावर काढली आणि दुसऱ्या दिवशी ते सापडले. शिक्षा म्हणून त्यांना कोठडीत डांबण्यात आले. मे महिन्यात त्यांनी शाळा कायमची सोडली. परीक्षेच्या ओझ्याखाली मोडून पडणाऱ्या मुलाची त्यांची ‘उंटर्म राड’ ही 1906 मधील कादंबरी याच शाळेत घडते. पुढे ‘नार्सिसस आणि गोल्डमुंड’मधील मारियाब्रोन मठही माउलब्रोनवर बेतलेला आहे, तेथील चित्रण मात्र बरेच मायेचे आहे.

भारताशी संबंध

हेसे यांचे आजोबा हेर्मान गुंडर्ट हेही याच शाळेचे विद्यार्थी होते. 1836 मध्ये ते भारतात आले आणि केरळमधील तलश्शेरी येथे त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांचा मल्याळम-इंग्रजी शब्दकोश 1872 मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षणाची हीच वाट आजोबांना भाषाशास्त्राकडे घेऊन गेली, तर नातवाला ती असह्य झाली.

सांस्कृतिक जीवन

शाळा आजही सुरू आहे आणि 1969 पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळतो. मठाच्या चर्चमध्ये व भोजनगृहात शास्त्रीय संगीताच्या मैफली होतात. जवळचे क्निटलिंगेन हे गाव डॉक्टर फाउस्ट यांचे जन्मस्थान मानले जाते. मठाधिपती योहानेस एंटेनफुस यांनी फाउस्टला येथे आश्रय दिल्याची कथा आहे आणि संकुलातील एका बुरुजाला त्याचे नावही आहे. ‘माउलटाशे’ या सारण भरलेल्या पदार्थाचा उगमही येथे सांगितला जातो. उपवासाच्या काळात देवाला दिसू नये म्हणून भिक्षूंनी मांस कणकेच्या पारीत लपवले, अशी ती कथा आहे. तिला ऐतिहासिक आधार नसला, तरी स्वाबियन लोक ती आवडीने सांगतात.

2013 मध्ये जर्मनीने काढलेल्या दोन युरोच्या स्मारक नाण्यावर या मठाचे चित्र आहे.