नाळेतले रक्त : पॅरिस ते गडचिरोली

मागच्या पावसाळ्यात चामोर्शीकडचे एक जोडपे माझ्याकडे आले. मोठा मुलगा सात वर्षांचा, सिकलसेलचा रुग्ण. दर दोन-तीन महिन्यांनी हातपाय ठणकतात म्हणून भरती करावे लागते. बाई सात महिन्यांची गरोदर. एका कंपनीच्या माणसाने सांगितले होते, 'बाळाच्या नाळेतले रक्त साठवा, दोन्ही मुलांची काळजी मिटली.' त्यासाठी धानाची बांधी विकायची तयारी होती. "डॉक्टरसाहेब, खरं आहे का हे?"

अर्धे खरे आहे. वार आणि नाळ पुरून टाकणे ही आपली जुनी रीत. पण त्यात उरलेल्या रक्तात नवे रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेल्या पाच वर्षांच्या अमेरिकन मुलाला असे रक्त दिले. नाळेतल्या रक्ताचे हे जगातले पहिले प्रत्यारोपण, आणि ते यशस्वी झाले. अमेरिकेत डॉ. हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेने ते रक्त गोठवून ठेवले होते.

जाहिरातीत एक गोष्ट सांगत नाहीत. ते रक्त त्या मुलाचे स्वतःचे नव्हते, नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचे होते. आनुवंशिक आजारात स्वतःच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो. म्हणूनच निरोगी कुटुंबांनी पैसे भरून खासगी बँकेत रक्त साठवावे, अशी शिफारस आयसीएमआर करत नाही. घरात आधीच असे आजारी मूल असेल तर मात्र विचार करता येतो.

सिकलसेल आपल्याकडे जुना आहे. १९१० मध्ये शिकागोत डॉ. हेरिक यांनी विळ्यासारख्या पेशींचे वर्णन केले. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सापडला. गडचिरोलीत 'सर्च'ने त्याची पाहणी केली तेव्हा तो इथे किती पसरला आहे ते कळले.

मी त्या दोघांना कागदावर हिशोब मांडून दाखवला. आईबाप दोघेही वाहक, म्हणून बाळाला आजार नसण्याची शक्यता चारात तीन. भावाशी एचएलए पूर्ण जुळण्याची चारात एक. दोन्ही एकत्र, सोळात तीन. शिवाय नाळेतल्या पेशी मोजक्याच असतात, वाढत्या मुलाला त्या अपुऱ्या पडू शकतात. आणि भावंड जुळलेच, तर पुढे त्याचा अस्थिमज्जाही घेता येतो. बांधी विकू नका, म्हटले.

मुलाला हायड्रॉक्सियुरिया सुरू केले. बाळंतपणात नाळ लगेच कापली नाही, मिनिटभर थांबलो. ते रक्त बाळालाच गेले. आपल्या कितीतरी सुइणी वार पडेपर्यंत थांबायच्या, त्यांना आम्ही उगाच नावे ठेवली.

मुलगी झाली. ती फक्त वाहक आहे. दोघा भावंडांचे एचएलएचे नमुने पाठवले आहेत, अहवाल यायचा आहे.