सातारच्या वेढ्यातील सुरुंग आणि रसद

इ. स. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने सातारच्या किल्ल्याला वेढा घालून करंजे येथे तळ दिला, तेव्हा गडावर जेमतेम दोन महिन्यांचेच धान्य होते, असे ग्रँट डफ लिहितो. बादशहा पन्हाळ्यावर जाणार असा समज झाल्याने मराठ्यांनी तिकडची तरतूद केली व सातारा उपेक्षित राहिला. म्हणजे हा किल्ला पहिली तोफ डागण्यापूर्वीच अर्धा हरला होता म्हणावयास हरकत नाही.

तरीही किल्लेदार प्रयागजी प्रभू याने तो चार महिन्यांहून अधिक काळ झुंजविला. त्याचे श्रेय बऱ्याच अंशी परशुराम त्रिंबक यांस द्यावे लागते. परळीहून, म्हणजे आजच्या सज्जनगडाहून, ते गडास रसद पोहोचवीत. याकडे कानाडोळा करण्यासाठी शहजादा आझमास द्रव्य दिले गेले, असा समकालीन प्रवाद आहे.

मोगलांची मदार सुरुंगावर होती. (हा शब्द मूळ ग्रीक असून संस्कृतात ‘सुरुङ्गा’ या रूपाने कौटिल्यापर्यंत पोहोचला, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेथे त्याचा अर्थ केवळ भुयार. दारूचा अर्थ मागाहून चिकटला.) तोफखान्याचा प्रमुख तरबियतखान याने तटाखाली भुयारे खणून त्यांत दारू ठासली. १३ एप्रिल १७०० रोजी पहिल्या स्फोटात गडावरील अनेक लोक गाडले गेले. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. दुसऱ्या स्फोटाने मात्र तट बाहेरच्या बाजूस कोसळला आणि हल्ल्यासाठी पायथ्याशी दाटीने उभे केलेले सुमारे दोन हजार मोगल सैनिक ठार झाले. भुयार खणणाऱ्यांचे कसब येथे उणे नव्हते. स्फोटाच्या वेळी आपले लोक किती अंतरावर असावेत, एवढा साधा हिशेब कोणी केला नव्हता. जदुनाथ सरकारांच्या वृत्तांतानुसार, हल्लीच्या सांगली जिल्ह्यातील जतच्या डफळे घराण्यातला बाजी चव्हाण खिंडारातून वर चढला व त्याने खालच्यांना हाका मारल्या. त्याच्यामागे कोणी गेले नाही.

पुढे आठवड्याभरात, २१ एप्रिलला, किल्ला वाटाघाटीने मोगलांच्या स्वाधीन झाला. राजाराम महाराज २ मार्च रोजीच सिंहगडावर निवर्तले होते आणि कोठार रिते होत आले होते. शहजाद्याच्या नावावरून बादशहाने गडाचे ‘आझमतारा’ असे नामकरण केले आणि लागलीच परळीस वेढा घातला.