१ जानेवारी १९७० पासून सुरू होणारा भूतकाळ

डेटाबेसमधील नोंदी ठरावीक वेळाने उचलून दुसऱ्या यंत्रणेकडे पोहोचवणारे अनेक वाहक आज वापरात आहेत. जॉर्डन सिसेल यांनी २००९ मध्ये सुरू केलेला लॉगस्टॅश हा त्यांपैकी एक. त्याने डेटाबेसला क्वेरी विचारावी यासाठी जेमतेम आठ-दहा ओळींची संरचना-फाइल लिहावी लागते. फाइल दिसायला रुक्ष. परंतु तिच्या ओळी निरनिराळ्या दशकांतून आलेल्या आहेत.

एका प्रोग्रामने बाहेर टाकलेले दुसऱ्याने आत घ्यावे, बागेतील नळीचे तुकडे जोडावेत तसे प्रोग्राम जोडता यावेत, ही कल्पना बेल लॅब्समधील डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात मांडली. युनिक्समध्ये ‘पाइप’ अवतरला तो १९७३ मध्ये.

फाइलमधील सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणजे ‘स्टेटमेंट’, अर्थात प्रत्यक्ष क्वेरी. ती एका ओळीत मावते, हेच मुळात एका वादाचे फलित आहे. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी आयबीएमने जी आयएमएस प्रणाली घडवली, तिच्यात माहिती वंशवृक्षासारखी रचलेली असे. हवी ती नोंद मिळवायची तर कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर उतरायचे, हे प्रोग्रामरला ठाऊक असावे लागे. वृक्षाची मांडणी बदलली की प्रोग्रामही बदलावा लागे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक असलेले एडगर कॉड यांनी जून १९७० च्या निबंधात वेगळा मार्ग सुचवला: माहिती तक्त्यांत ठेवावी, ‘काय हवे’ एवढेच सांगावे आणि वाट शोधण्याचे काम यंत्रावर सोडावे. आयएमएसवर उत्तम कमाई करणाऱ्या आयबीएमला आपल्याच कर्मचाऱ्याच्या या कल्पनेची घाई नव्हती. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉयस यांनी १९७४ मध्ये तिला ‘सीक्वेल’ ही भाषा दिली. बॉयस त्याच वर्षी अकाली वारले. हे नाव एका विमान-कंपनीचे व्यापारचिन्ह निघाल्याने भाषेचे नामकरण ‘एसक्यूएल’ झाले. आणि बाजारात पहिली बाजी मारली ती १९७९ मध्ये ओरॅकलने, आयबीएमने नव्हे!

‘ड्रायव्हर’ची ओळ तुलनेने तरुण. प्रत्येक कंपनीच्या डेटाबेसचे दार वेगळे, म्हणून १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे ओडीबीसी आणि १९९७ मध्ये जावासाठी सनचे जेडीबीसी आले. लॉगस्टॅशसोबत ड्रायव्हर येत नाही. तो स्वतंत्रपणे मिळवून त्याचा पत्ता फाइलमध्ये द्यावा लागतो. ‘शेड्यूल’मधील पाच रकाने (मिनिट, तास, तारीख, महिना, वार) युनिक्सच्या क्रॉनचे. पाचही जागी तारका दिल्या की क्वेरी दर मिनिटाला धावते.

खरी गोम आहे ती ‘एसक्यूएल लास्ट व्हॅल्यू’मध्ये. मागच्या वेळी कुठवर वाचले, याची ही खूण एका लहानशा फाइलमध्ये जपली जाते आणि पुढच्या क्वेरीत ‘यानंतरचे’ एवढेच मागितले जाते. खूण तारखेची असेल, तर पहिल्या फेरीपूर्वी तिचे मूल्य असते गुरुवार, १ जानेवारी १९७०: युनिक्सच्या कालगणनेचा आरंभबिंदू. आता जुन्या जन्म-मृत्यू नोंदवह्यांचे संगणकीकरण झाले आहे आणि तुलनेसाठी मूळ नोंदीच्या तारखेचा रकाना निवडला आहे, अशी कल्पना करा. १९३२ ची नोंद या अटीत बसतच नाही. कुठलीही त्रुटी दाखवली जात नाही. काम सुरळीत पार पडल्याचेच दिसते.

दुसरी उणीव याहून सूक्ष्म. १० वाजताचा शिक्का असलेली नोंद १० वाजून २ मिनिटांनी कायम झाली आणि दरम्यान १०:०१ ची नोंद वाचून खूण पुढे सरकली, तर पहिली नोंद कायमची निसटते. म्हणूनच जाणते लोक दर फेरीला थोडे मागे जाऊन वाचतात आणि दुहेरी आलेल्या नोंदी ओळख-क्रमांकावरून एकत्र करतात. पुसलेल्या नोंदीला मात्र हा उपाय लागू नाही. जी ओळ उरलीच नाही, ती कोणत्याही ‘सिलेक्ट’च्या उत्तरात येणार नाही, वाहकाच्या पलीकडच्या टोकाला तिची जुनी प्रत तशीच जिवंत राहते. यासाठी नोंद न पुसता तिच्यावर केवळ ‘रद्द’ असा शेरा मारण्याची पद्धत रूढ झाली. जमाखर्चाच्या चोपडीत खाडाखोड न करता उलट नोंद करणाऱ्या मुनीमजींना ती परकी वाटली नसती.

डेबेझियमसारखी साधने तक्त्यांना सतत विचारत बसण्याऐवजी डेटाबेसची बदल-नोंदवही वाचतात. तिथे पुसण्याचीही नोंद सापडते. पण या नोंदवहीची जुनी पाने ठरावीक काळानंतर काढून टाकली जातात. त्यामुळे पहिल्या दिवशी सगळे तक्ते एकदा वाचून काढण्यासाठी त्यांनाही साधा ‘सिलेक्ट’च चालवावा लागतो.