गोलकोंडा : चित्रात न मावलेली आगबोट

जुन्या आगबोटींची तैलचित्रे हा पाश्चात्त्य चित्रकलेतील एक भारदस्त प्रकार आहे. खवळलेला समुद्र, लाटा कापीत निघालेली बोट, धुरांड्यातून मागे वळणारा धूर आणि क्षितिजावरचा पिवळसर उजेड. नॉर्मन विल्किन्सन हा इंग्रज चित्रकार या प्रकारात नावाजलेला होता. त्याने काढलेले प्लिमथ बंदराचे तैलचित्र ‘टायटॅनिक’ बोटीच्या पहिल्या वर्गाच्या धूम्रपान-दालनात लावलेले होते. १९१२ साली बोटीबरोबर तेही अटलांटिकच्या तळाशी गेले.

अशा चित्रांत बोट दिसते, माणसे दिसत नाहीत. चित्रकार किनाऱ्यावर उभा राहून पाहतो. कठड्याला टेकून मागे सुटणाऱ्या भूमीकडे बघणारा प्रवासी फार तर रंगाचा एक ठिपका होतो. चित्रकाराने गाळलेली ही माणसे शोधणे हे इतिहासाचे काम आहे. आपल्या नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, इतिहासातही अशी एक आगबोट आहे. तिचे नाव ‘गोलकोंडा’.

ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीची ही बोट १८८७ साली इंग्लंडमधील संडरलंड येथे बांधली गेली. काळ्या धुरांड्यावर दोन पांढरे पट्टे ही त्या कंपनीची खूण. २० जून १८९९ रोजी स्वामी विवेकानंद, त्यांचे गुरुबंधू तुरीयानंद आणि भगिनी निवेदिता यांनी कलकत्त्याहून याच बोटीने विलायतेस प्रयाण केले. त्यानंतर सोळा वर्षांनी तिच्यावर निराळेच प्रवासी चढले. त्यांना जायचे नव्हते. त्यांना पाठविण्यात येत होते.

त्याची पूर्वपीठिका आपल्या गावांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुणे मिशनची जबाबदारी जर्मन येशूसंघीयांकडे होती. वळण, केंदळ, संगमनेर या परिसरात त्यांनी दुष्काळ आणि रोगराईच्या दिवसांत काम उभे केले, मराठी आत्मसात केली, शाळा काढल्या. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली केंदळ येथून ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. पुढे १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. जर्मन बोलीत वाढलेल्या माणसाने राहुरीच्या खेड्यातून मराठी मासिक काढावे, यातच त्या पिढीची ओळख आहे.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि एका रात्रीत हे धर्मगुरू सरकारच्या लेखी ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. हिंदुस्थानातील जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांसाठीची प्रमुख स्थानबद्धता-छावणी खुद्द नगरलाच होती. त्यापूर्वी बोअर युद्धातील कैदीही नगरने पाहिले होते. व्यापारी, खलाशी, कारागीर, मिशनरी असे नाना तऱ्हेचे लोक आता तेथे आणले गेले. ज्या जिल्ह्यात येशूसंघीयांची सेवा चालली होती, त्याच जिल्ह्यात त्यांच्या देशबांधवांभोवती काटेरी तारा आल्या.

मग सरकारने मिशनऱ्यांना, तसेच स्त्रिया, मुले व वृद्धांना मायदेशी धाडण्याचे ठरविले. त्यासाठी ‘गोलकोंडा’ची योजना झाली. १९१५ च्या नोव्हेंबरात ती कलकत्त्याहून पहिल्या फेरीस निघाली; १९१६ च्या पूर्वार्धात दुसरी फेरी झाली. प्रवाशांत प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची कुटुंबे होती, तसे आपल्या मिशनचे येशूसंघीयही होते. समुद्र निर्धोक नव्हता. ३० डिसेंबर १९१५ रोजी मुंबईकडे येणारी ‘पर्शिया’ ही प्रवासी बोट क्रीट बेटाच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीने बुडविली आणि तीनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. आपल्याच देशाच्या पाणबुडीची धास्ती घेऊन हे जर्मन प्रवासी इंग्लंडला पोहोचले व तेथून हॉलंडमार्गे मायदेशी गेले.

दुसऱ्या फेरीनंतर थोड्याच दिवसांत, १९१६ च्या जूनमध्ये, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ऑल्डबरोजवळ सुरुंगाचा धक्का लागून ‘गोलकोंडा’ बुडाली. तिच्यावरील काही माणसेही दगावली. त्यात कुणाचे काय चुकले होते? पुढच्याच वर्षी बोटींची दिशा व वेग शत्रूला नीट ताडता येऊ नये म्हणून त्यांच्यावर वेडेवाकडे पट्टे रंगविण्याची युक्ती निघाली. ती सुचविणारा नॉर्मन विल्किन्सनच होता. बोटींचे सौंदर्य रंगविणाऱ्या कुंचल्यावर आता शत्रूची नजर चकविण्याची वेळ आली होती.

मात्र या कथेतील खरे चित्र समुद्रावरचे नाही, किनाऱ्यावरचे आहे. धर्मगुरू गेले, गावे राहिली. तटस्थ देशाचे म्हणून स्विस येशूसंघीय राहू शकले, देशी धर्मगुरूंनी भार उचलला. पण इतक्या विखुरलेल्या वस्त्यांना ते किती पुरणार? अशा मिशनचा कणा म्हणजे गावोगावचे धर्मशिक्षक, आपले ‘मास्तर’. शाळा भरविणे, रविवारी प्रार्थनेस लोक जमविणे, मुलांना धर्मपाठ शिकविणे, अंथरुणाला खिळलेल्याच्या उशाशी बसणे, ही त्यांची कामे. फादरची घोडी वेशीत येणार नव्हती, तरी ही कामे थांबण्याजोगी नव्हती. आपल्या ख्रिस्तसभेची मुळे जर्मन मातीत नसून याच काळ्या मातीत रुजली होती, याची कसोटी त्या वर्षांत लागली.

डोरिंग युद्धामुळे आपल्या धर्मप्रांतास अंतरले. १९२१ साली त्यांना जपानमधील हिरोशिमा येथे नेमण्यात आले. १९२७ साली ते पुन्हा पुण्यास आले आणि १९४८ पर्यंत त्यांनी धर्मप्रांताची धुरा वाहिली. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि नगर जिल्हा त्यात आला. डोरिंगांचा ‘निरोप्या’ मात्र त्यांच्या मागेही घरोघर येतच राहिला.

ज्या धर्मग्रामांत त्या काळच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या शिल्लक असतील, त्यांनी १९१४ ते १९१६ ची पाने एकदा उघडून पाहावीत. कुठे एक सही थांबली आणि दुसरे अक्षर सुरू झाले, ते दिसेल. त्या दोन सह्यांच्या मधल्या कोऱ्या जागेतून ‘गोलकोंडा’ गेली आहे. आणि कोऱ्या जागेच्या खालीही नावे लिहिलेली आहेत, ती आपल्या आज्या-पणज्यांची.