मोहरी कुल

मोहरी कुल (शास्त्रीय नाव: ब्रॅसिकेसी, पर्यायी नाव: क्रुसिफेरी) हे द्विदलिकित सपुष्प वनस्पतींचे एक कुल आहे. यात सुमारे ३५० प्रजाती व ४,००० जाती असून त्या मुख्यतः उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण प्रदेशांत आढळतात. फुलाच्या चार पाकळ्यांची मांडणी क्रुसासारखी असल्याने क्रुसिफेरी हे नाव पडले.

समान लक्षणे

बहुतेक वनस्पती लहान व औषधीय (नरम खोडाच्या) असून पाने साधी, एकाआड एक व उपपर्णे नसलेली असतात. फुले मंजरीवर येतात. संदले ४, पाकळ्या ४ आणि केसरदले ६ (आतील ४ लांब, बाहेरील २ आखूड) असतात. किंजपुट ऊर्ध्वस्थ असून पातळ पडद्यामुळे त्याचे दोन कप्पे होतात. शेंगेसारख्या फळास 'सार्षप' म्हणतात. ते पिकल्यावर दोन झडपांनी उघडते व बिया पडद्याच्या कडेला चिकटून राहतात.

तिखटपणा

या वनस्पतींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे असतात. पेशी चिरडल्या की मायरोसिनेज या विकराशी त्यांचा संयोग होऊन झणझणीत द्रव्ये तयार होतात. त्यामुळे पाण्यात फेसलेली मोहरी नाकात चढते. फोडणीत मात्र उष्णतेने विकर निष्क्रिय होत असल्याने ती तशी झोंबत नाही.

आहारातील स्थान

कोबी, फुलकोबी व नवलकोल ही एकाच जातीची रूपे आहेत. मुळा, सलगम व अहाळीव याच कुलातील होत. वाशिम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे तीर्थक्षेत्र आहे. जैन आहारपरंपरेत कंदमुळे वर्ज्य असल्याने मुळा व सलगम टाळले जातात, परंतु त्याच कुलातील मोहरीचे बी चालते.

पिवळ्या धोत्र्याशी गल्लत

पडीक जमिनीत व शेतांत उगवणारा पिवळा धोत्रा अफू कुलातील आहे. त्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात, पण त्यांच्या तेलात सँग्विनारीन हे विष असते. अशा भेसळीच्या मोहरी तेलामुळे १९९८ मध्ये दिल्लीत जलशोथाची साथ येऊन ६० हून अधिक माणसे दगावली. पिवळ्या धोत्र्याची पाने काटेरी, चीक पिवळा, केसरदले अनेक आणि बिया जाळीदार खळग्यांच्या असतात. मोहरीचे बी त्यामानाने गुळगुळीत असते.