खारबावची खाडी आणि पहाऱ्यात नेली जाणारी ग्रीक जहाजे

१/ वसई–दिवा रेल्वेमार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोड यांच्या दरम्यान खारबाव हे स्थानक लागते. गावाच्या दक्षिणेस वसईची खाडी आहे. पैलतीरावर घोडबंदर आणि नागला बंदर ही नावे आजही टिकून आहेत. या निवांत परिसराचा धागा दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक ग्रंथापर्यंत पोहोचतो.

२/ त्या ग्रंथाचे नाव ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. इ. स. पहिल्या शतकातील ही बंदरांची व्यापारी मार्गदर्शिका होय. तिचा कर्ता अज्ञात आहे. तो इजिप्तमधील ग्रीकभाषक व्यापारी असावा. जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघावे आणि मोसमी वाऱ्यांच्या बळावर भारत गाठावा, असा त्या जहाजांचा क्रम असे.

३/ ग्रंथातील बारिगाझा म्हणजे भडोच, सुप्पारा म्हणजे सोपारा आणि कल्लिएना म्हणजे कल्याण. वसईच्या मुखातून कल्याणकडे निघालेल्या जहाजाची वाट खारबावच्या काठाजवळूनच जाते.

४/ कल्याणविषयी मात्र लेखक सावधगिरीचा इशारा देतो. थोरल्या सरगनसाच्या, म्हणजे बहुधा एका सातकर्णीच्या, काळात हे मान्यताप्राप्त बंदर होते. पुढे ते संदनेसाच्या हाती गेले आणि व्यापारास अडथळा आला. तेथे ग्रीक जहाज आलेच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याची शक्यता असे. हा संदनेस नेमका कोण, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

५/ या अडवणुकीचे मर्म भूगोलात आहे. पैठणहून भडोच वीस दिवसांच्या वाटेवर होते, असे हाच ग्रंथ सांगतो. नाणेघाट उतरून कल्याण गाठणे त्याहून कितीतरी सोपे. कल्याण बंद झाले की सातवाहनांचे उत्पन्न आटणार आणि नहपानाचे भडोच भरभराटीस येणार, हे उघड होते.

६/ पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवलेला आहे.

७/ यवन केवळ किनाऱ्यावर थांबले नाहीत. कार्ले येथील चैत्यगृहाच्या अनेक खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस हा ग्रीक लेखक कल्याणची गणना पुन्हा मोठ्या बंदरांत करतो.

८/ खारबावला उतरून खाडीकाठ पाहावा, भिवंडी तालुक्यातीलच लोनाडचे लेणे पाहावे, सवडीने सोपाऱ्याचा स्तूप गाठावा. लढाईत पडलेल्या किल्ल्याचे बुरूज मागे उरतात. वळवलेल्या जहाजांची खूण पाण्यावर उरत नाही. ती ग्रंथात, शिलालेखात आणि दुसऱ्यांदा ठसा बसलेल्या नाण्यांत शोधावी लागते.